गाडी सुनंदाताईची, बॅटरी कंपनीची

नर्सच्या नोकरीत किस्से साठवावे लागत नाहीत. युनिफॉर्मवर डाग पडावेत तसे ते आपोआप पडतात! पण हल्ली आमच्या पारनेरच्या छोट्या दवाखान्यातले निम्मे किस्से पेशंटचे नाहीतच. ते सुनंदाताईच्या गाडीचे आहेत.

सुनंदाताई आमची सीनियर सिस्टर. ती, मी आणि दवाखान्यातल्या आया कमलमावशी, तिघी रोज नगरहून ये-जा करतो. एसटीला कंटाळून ताईनं एक वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. स्वस्तात मिळाली, कारण गाडी विकत आणि बॅटरी भाड्याची. बॅटरी कंपनीची, आपण फक्त महिन्याचं भाडं भरायचं.

गाडी दारात आली तेव्हा तिच्या सासूबाई मिरजगावहून आल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

“इंजिन कुठंय गं?”

“नसतं यात, आई.”

“आन् बॅटरी?”

“ती भाड्याची.”

“मंग तू इकत घेतलं काय? दारं?”

*

स्टिअरिंगच्या पुढे एक काच, त्यावर आकडा. फुल चार्जिंग म्हणजे शंभर. पारनेरला पोचेपर्यंत साठ उरतील असं विकणारा म्हणाला होता. उरायचे पन्नास, कधी त्याहून कमी. त्यामुळे आमच्या गप्पाच बंद झाल्या. तिघींचे डोळे त्या आकड्यावर! भर मे महिन्यात एसी बंद. ताई हॉर्नसुद्धा जपून वाजवायची.

एकदा आकडा फारच खाली गेला. मागून कमलमावशींचा बारीक आवाज आला, “ताई, मी माझा मोबाईल बंद केलाय. तेवढाच आधार.”

*

परतीसाठी दवाखान्यात चार्जिंग लावायला डॉक्टरांनी परवानगी दिली. अट एकच. एक्सरे मशीन चालू असताना प्लग काढायचा. ज्या दिवशी हाडं मोडलेले पेशंट जास्त, त्या दिवशी ताईचा जीव टांगणीला.

एक पोरगा मोटरसायकलवरून पडून आला. मनगट टम्म सुजलेलं. ताईनं ते हातात घेतलं आणि इतक्या आशेनं विचारलं, “नुसतं मुरगळलंय ना रे?”

त्या पोराला वाटलं, काय मायाळू सिस्टर आहे!

*

बॅटरी कुठे आहे, किती चालली, सगळं कंपनीला तिकडे बसून दिसतं. भाडं थकलं तर तिथूनच गाडी बंद करतात म्हणे. म्हणून कंपनीचा फोन आला की ताई आधी भाडं भरल्याची पावती शोधायची.

मध्यंतरी ती तापानं चार दिवस घरी पडून होती. पाचव्या दिवशी फोन! “मॅडम, तुमची बॅटरी एकाच जागी आहे. सगळं ठीक आहे ना?”

ताईनं फोन ठेवला आणि डोळे पुसत म्हणाली, “घरात कुणी एवढं विचारलं नाही गं!”

*

आणि ती दुपार.

पहिलटकरीण होती. बीपी अचानक चढलं, बाळाचे ठोके मंदावायला लागले. डॉक्टर म्हणाले, “आत्ताच्या आत्ता नगरला हलवा.” अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली. दारात एकच गाडी, सुनंदाताईची. सकाळपासून लाईट नव्हती, त्यामुळे चार्जिंग झालेलंच नव्हतं. काचेवर चव्वेचाळीस.

ताईनं एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, “बस मागे.”

मी मागे पेशंटला धरून बसले. पुढे ताईशेजारी पेशंटची सासू, डोक्यावर पदर, हातात कपड्यांचं गाठोडं. आजी नुसत्या त्या काचेकडे बघत होत्या.

वाटेत भाळवणीला एकवीस. पोरगी कण्हत होती. माझं एक बोट तिच्या नाडीवर, नजर पुढच्या आकड्यावर. पंधरा. आजींचे ओठ हलत होते. अकरा. काच लाल झाली तशा आजी हुंदके द्यायला लागल्या. ताई ओरडली, “आजी, रडू नका! पोचतोय आपण!” पण तिचाच आवाज फाटलेला.

एका उताराला चाकांच्या फिरण्यानं बॅटरी थोडी परत भरली. नऊचे दहा झाले. आजींनी चटकन हात जोडले आणि काचेला नमस्कार केला. मला वाटलं, म्हातारीला गाडीची एवढी काळजी!

नगरच्या हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली तेव्हा काचेवर तीन उरले होते. पोरीला धावतच आत नेलं. लगेच ऑपरेशन झालं. आम्ही दोघी आजींशेजारी बाकावर बसलो.

बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आजी उठल्या, ताईपाशी आल्या आणि घाबरत घाबरत तिचा हात धरला.

“बाई, तुमच्या त्या काचंवर माज्या सुनंचं तीनच ऱ्हायलं हुतं. आता किती झालं, तेवढं बघून सांगता का?”

मी तोंड उघडणार, एवढ्यात ताईनं माझा हात दाबला.

“शंभर, आजी,” ती म्हणाली. “पूर्ण शंभर.”