ताईच्या मापाचे मोजे

माझ्याकडे मोजे विणायचं एक मशीन आहे, हाताने फिरवायचं. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, आकाराने छोट्या पातेल्याएवढं, कडेने गोल उभ्या सुया. हँडल फिरवलं की सुया एकामागून एक खाली-वर होतात आणि नळीसारखं विणकाम खाली उतरत राहतं. कोथरूडमध्ये शाळांचे मोजे करून देणारा एक लहानसा कारखाना बंद पडला, तेव्हा मी ते उचलून आणलं. घरच्यांनी यथेच्छ थट्टा केली. पुण्यात लोकरीचे मोजे घालणार कोण, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

उत्तर ताईमुळे मिळालं. माझी थोरली बहीण धायरीला राहते. तिच्या पोटातल्या आजारावर उपचार सुरू झाले आणि पाय गार पडू लागले. फरशीला तळवा टेकला की मुंग्या यायच्या, गारठा मांडीपर्यंत चढायचा. दुकानातले लांब मोजे एक तर पोटरीत रुतायचे, नाहीतर दोन खोल्या फिरेपर्यंत घोट्याशी गोळा व्हायचे. ताई म्हणाली, तुझं ते खेळणं एकदाचं कामाला लाव.

लांब मोजा मापात बसवणं हे चिकट काम आहे. हाताने विणताना पाय निमुळता होतो तिथे टाके कमी करता येतात. इथे सुया ठरलेल्या, त्यामुळे टाकेही तेवढेच. मग टाका लहान-मोठा करायचा, त्यासाठी बाजूला एक स्क्रू असतो. मांडीशी तो सैल ठेवायचा आणि पोटरी उतरायला लागली की जरा जरा आवळत घोट्यापर्यंत यायचं. शिवाय विणकाम ताणलेलं राहावं म्हणून खाली वजन टांगलेलं असतं, त्यामुळे नुकता उतरवलेला मोजा असतो त्यापेक्षा अरुंद दिसतो. तो धुऊन, पसरून, निवांत वाळला की खरं माप कळतं.

हे मला माहीत नव्हतं. पहिला जोड मी मशीनवरच मोजला आणि खुशीत धायरीला नेला. ताईने घालून पाहिला आणि मोजे आहेत की बटाट्याच्या पिशव्या, असं विचारलं. तिची जीभच तशी. माझ्या रांगोळीपासून माझ्या लग्नातल्या मठ्ठ्यापर्यंत तिने प्रत्येक गोष्टीत खोट काढलेली आहे. म्हणून तिसऱ्या जोडाला ती नुसतं "बसतात" म्हणाली, तर येताना मी बसमध्ये एकटीच हसत होते.

त्यानंतर मी अधूनमधून नवा जोड नेऊ लागले. टेप आणू नकोस, माप तेच आहे, असं ताईने फोनवर सांगून टाकलं होतं. गेले की तिच्या पायात मोजे असायचे, पोटरीला नीट धरलेले, कुठे सुरकुती नाही. हिंजवडीला नोकरी करणारा तिचा मुलगा म्हणायचा, आई फार उतरलीय. मी त्याला उडवून लावायचे. तू तिला दिवसभरात किती वेळ बघतोस, मी तिच्या मापाचे मोजे विणते, मला कळत नाही का? माझं गणित साधं होतं. पाय तेवढेच आहेत तोवर ताई तेवढीच आहे.

एप्रिलमध्ये एका दुपारी तिला सांभाळणाऱ्या बाई रजेवर होत्या, म्हणून मी गेले. पंखा फुल्ल, तरी ताई मोजे घालून पडलेली. तळव्यांना तेल लावावं म्हणून मी एक मोजा खाली ओढला. आत आणखी एक मोजा होता, माझाच, आधीच्या खेपेचा. तो काढला. त्याच्या आत जुन्या सुती साडीची पट्टी पोटरीला गुंडाळलेली होती, घडी घडी जमवून, वर दोऱ्याने बांधून. पट्टी सोडली तेव्हा हातात जे आलं ते पोटरी म्हणण्यासारखं नव्हतं. मला तिचा इतका राग आला की तेलाची वाटी मी आदळलीच.

ताई छताकडे बघत होती. थंडी वाजते, असं काहीतरी म्हणाली. मग म्हणाली, "खरं कळलं की तू तिथे बसून माझं माप कमी करत जाणार, आणि मला ते इथे पडल्या पडल्या दिसत राहणार. ते मला नको."

मी तेल लावलं. मग साडीची पट्टी, आतला मोजा, वरचा मोजा, सगळं होतं तसं परत चढवलं. पट्टी तिच्यासारखी जमली नाही. ताईने माझ्या हातातून ती घेतली आणि स्वतः नीट गुंडाळली.

घरी आल्यावर मी मऊ लोकरीचा एक जोड विणला, मांडीपासूनच स्क्रू आवळून. वरून घालायला दुसरा, जुन्या मापाचा. पट्टी टोचत असणार, त्यापेक्षा हे बरं. दोन जोड बघून ताईने विचारलं, दोन कशाला? मी म्हटलं, एक धुवायला. ती "बरं" म्हणाली आणि माझ्यासमोरच दोन्ही एकावर एक घातले.

परवा गेले तर आतला जोडही घोट्यापर्यंत घसरला होता. काल स्क्रू आवळायला बसले, तर तो शेवटाला टेकलेला. यापेक्षा लहान टाका या मशीनला येत नाही. जबरदस्ती केली तर सुया अडकतात, लोकर तुटते. बराच वेळ मी हँडलवर हात ठेवून बसून राहिले आणि मग रडले.

आज सकाळी घरातली सगळ्यात जाड लोकर काढली. दोन्हीच्या आत घालायला तिसरा जोड. हे मोजे नाहीत, नुसती भर आहे, हे मलाही कळतं. जाड लोकर सुयांतून जायची तर स्क्रू उलटा फिरवून पार सैल करावा लागला. रविवारी धायरीला जाईन. ती विचारेल कशाला, मी सांगेन धुवायला, आणि मग मोजे चढवून ती म्हणेल, बसतात.