हेल वाटणारी बाई

हॉलोबेक गावात सप्टेंबरातल्या तिसऱ्या रविवारी दुपारी दोन ते चार या वेळात फोन करायचा नाही, हे लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं. कुणी गेलं असलं तरी चारनंतर कळवायचं. कारण त्या दोन तासांत एव्हरिल क्रॅबट्री हेल वाटायची.

गावाच्या हौशी संगीत नाटक मंडळीचा प्रयोग दर नोव्हेंबरात व्हायचा. भूमिका जुलैमध्ये ठरायच्या. पण कुठलं पात्र कुठल्या मुलखाचं बोलणार, लिव्हरपूलचं नाकातून की स्कॉटलंडचं खडखडीत, हे ठरवायचा मान एकोणीस वर्षं एकट्या एव्हरिलचा. यॉर्कशरमध्ये ही चेष्टेची गोष्ट नाही. इथे दोन खोरी ओलांडली की लोक 'बटर' वेगळं म्हणतात आणि एकमेकांना वेडं समजतात. चुकीचा हेल कानावर पडला, तर शेवटच्या रांगेतली म्हातारीसुद्धा मोठ्यांदा दुरुस्त करते.

एव्हरिल बावीस वर्षं गावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. कानाला यंत्र, हातात वायर आणि जगभरची माणसं डोक्यात. एक्सचेंज स्वयंचलित झालं, तिला निरोपाचं घड्याळ मिळालं, पण ते आवाज तिच्याकडेच राहिले. आयरिश पात्र आलं की तिच्या आठवणीतला कॉर्कचा घोडेवाला बोलू लागायचा. विधवा आली की दर गुरुवारी बहिणीशी रडणारी एडिंबरोची एक बाई. रविवारी जेवणं आटोपली, रोस्टची ताटं धुऊन झाली की एव्हरिल डायरी उघडायची आणि एकेका नटाला फोन लावायची. हॅलो नाही, कसा आहेस नाही. थेट पात्राचं पहिलं वाक्य, ठरलेल्या हेलात. नटाने ते तीनदा म्हणायचं. तिसऱ्यांदा जमलं की पलीकडून फक्त, "ठेव आता."

वॉल्टर ऑग्डेन खाटिकाने एका वर्षी अंगाला टॉवेल गुंडाळून, साबणाच्या फेसासकट, वेल्सचा पाद्री तीनदा म्हटला होता. म्हणजे बाईचा दरारा बघा.

आणि मग डिलिस प्रॉसर आली.

डिलिस वेल्सची. कार्डिफला नटांना बोलायला शिकवण्यात तिचं आयुष्य गेलेलं. निवृत्त होऊन चॅपलमागच्या घरात राहायला आली. पांढरे केस पोरासारखे कापलेले, गळ्यात चष्मा आणि आवाज असा, की तिने दुधाचा हिशोब विचारला तरी ऐकत राहावं. जुलैच्या बैठकीत ती कोपऱ्यात बसून नव्या नाटकाची संहिता वाचत होती. नाटक गिरणीमालकाच्या घरातलं: मालक, त्याची मुलगी, तिच्यावर भाळलेला रेल्वेचा आयरिश मजूर आणि घर मुठीत ठेवणारी हाउसकीपर. डिलिसने मान वर केली आणि सहज विचारलं, "या मालकाची आई कुठली असेल हो?"

एकोणीस वर्षांत कुणी पात्राच्या आईची चौकशी केली नव्हती.

"नाही, म्हणजे," डिलिस म्हणाली, "तो शाळेत काहीही शिकला असेल, पण रागावल्यावर आईसारखाच बोलणार ना?"

दिग्दर्शक हेडलीच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की एव्हरिलला तो विझवावासा वाटला. दहा मिनिटांत हात वर झाले. हेल या वर्षी मिसेस प्रॉसर ठरवतील. एव्हरिलला हाउसकीपरची भूमिका दिली होती, "आणि तुला जरा विश्रांती," असं वर.

घरी येऊन तिने बटाटे सोलायला घेतले. सोलता सोलता एकेक बटाटा सुपारीएवढा झाला.

"आई कुठली म्हणे!" ती नवऱ्याला म्हणाली. "मी काय मालकाच्या बारशाला गेले होते?"

नॉर्मन वर्तमानपत्रामागून म्हणाला, "प्रश्न तसा चांगला आहे."

तेच तर दुखत होतं. प्रश्न चांगला होता, आणि तो तिला सुचला नव्हता.

पुढचे दोन महिने एव्हरिलने डिलिसचा हेवा अगदी नियमाने केला, लोक जशी बाग करतात तसा. डिलिस तालमीला चहात भिजवलेल्या मनुकांचा केक आणायची. एव्हरिलच्या आल्याच्या केकशेजारीच तो ठेवलेला असायचा. चहा संपला की एव्हरिल दोन्ही ताटल्यांवर नजर टाकायची. मनुकांच्या ताटलीत चुरा. आल्याचा केक शहाण्यासारखा जसाच्या तसा चौकोनी. सगळे डिलिसला डिलिस म्हणायचे. एव्हरिल मात्र "मिसेस प्रॉसर, तुम्ही," असं म्हणायची, जणू मधे काउंटर आहे. नट एकेक करून चॅपलमागच्या घरी चहाला जायचे आणि येताना चेहरा असा, जणू कुणी त्यांना पहिल्यांदाच नीट ऐकलं.

त्यात घरी रोज राँग नंबर येऊ लागले. एव्हरिलने फोन उचलून नंबर सांगितला की पलीकडे क्षणभर श्वास, आणि फोन बंद.

"चोर असेल," नॉर्मन म्हणाला. "घरात कोण आहे ते बघतोय."

"मग माझा आवाज ऐकून पळतोय ते बरं आहे."

"अगं, मीही पळालो असतो. लग्न झालं होतं म्हणून राहिलो."

सप्टेंबरचा तिसरा रविवार आला. दोन वाजले. एव्हरिलने ताटं धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मग म्हणाली, "मावशीला फोन करते." मावशी मरून सहा वर्षं झाली होती, पण नॉर्मन शहाणा माणूस, त्याने रेडिओ मोठा केला.

तिने पहिला फोन वॉल्टरला लावला. गिरणीमालकाचं पहिलं वाक्य, लँकाशरच्या हेलात. डोंगरापलीकडचं लँकाशर, कारण आमच्या मंडळीत खलनायक नेहमी तिकडचाच. वॉल्टरने सवयीने तीनदा म्हटलं. मग भानावर आला. "पण डिलिसने तर मला..."

"माहीत आहे. हे फक्त तुझ्यासाठी. कुणाला सांगू नकोस."

मग फ्रीडाला. फ्रीडाचं लोकरीचं दुकान, वय चव्वेचाळीस, आणि गेली पंधरा वर्षं नाटकात एकोणीस. तिला एडिंबरोची रडणारी बाई दिली. सिरिल पोस्टमनला कॉर्कचा घोडेवाला. प्रत्येकाला तेच: फक्त तुझ्यासाठी. प्रत्येकाला वाटलं, आपण लाडके. कुणी तोंड उघडलं नाही.

मंगळवारी तालीम. एव्हरिल चहाच्या मोठ्या भांड्यामागे उभी राहिली, जिथून रंगमंच नीट दिसतो. वॉल्टरने डिलिसने शिकवलेल्या हेलात सुरुवात केली. मधेच त्याची नजर भांड्यामागे गेली. बिचाऱ्याला जिभेवर काय आणावं कळेना. वाक्य डोंगराच्या अलीकडे सुरू झालं आणि पलीकडे संपलं. फ्रीडा मात्र आज्ञाधारक. "बाबा!" म्हणून तिने जो एडिंबरोचा टाहो फोडला, त्याने पियानोवाल्या बाईंची बोटं अडखळली.

डिलिसने चष्मा काढला. "फ्रीडा, ही बाई कुठली गं? ही खरी आहे. ही माझ्याकडून आलेली नाही."

फ्रीडाने भांड्याकडे बघितलं. मग सिरिलने, मग सगळ्यांनी.

"छान आहे," डिलिस शांतपणे म्हणाली. "फार छान आहे. फक्त बाप असा अर्धा डोंगरावर लटकलेला असताना मुलगी एडिंबरोला पोचली कशी, एवढं मला कुणी सांगा."

जो हशा पिकला, तो पिकला. वॉल्टर तर स्वतःवरच हसत खाली बसला. एव्हरिलच्या कानांच्या पाळ्या जांभळ्या झाल्या. दोन मुलखांचा गोंधळ तिने घातला होता आणि टाळी मात्र पुन्हा त्या बाईने घेतली.

हेडलीने तिला दाराशी गाठलं. "एव्हरिल, हे बरं नाही. रविवारपर्यंत डिलिसकडे जा आणि हाउसकीपरचा हेल घेऊन ये. नाहीतर ती भूमिका मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

ती गेली नाही. बुधवारी केस धुतले. गुरुवारी पडदे. शुक्रवारी चॅपलपर्यंत गेली आणि उगाच बोर्डावरची भजनांची वेळ वाचून परत आली. शनिवारी नॉर्मन म्हणाला, "अगं, जाऊन ये ना. खाणार आहे का ती तुला?"

"तिने माझं सगळं खाल्लंय. आता मी हात पसरून हेल मागू?"

रविवारी दुपारी ती फोनशेजारच्या खुर्चीत नुसती बसली होती. एकोणीस वर्षं तिने गावभर आवाज वाटले, पण तिला कधी कुणी फोन करून आवाज दिला नव्हता. कोण देणार?

दोनला पाच मिनिटं असताना फोन वाजला.

"हॉलोबेक तीन चार दोन. कोण बोलतंय?" एव्हरिल म्हणाली. तिचा एक्सचेंजचा आवाज, इस्त्री केलेला, रेशमी. हा आवाज कुठल्याच गावचा नाही, असा तिचा जन्माचा अभिमान.

पलीकडून हॅलो नाही, काही नाही. थेट वाक्य आलं: "साहेब घरी नाहीत. आणि असते तरी तुम्हाला नसते."

हाउसकीपरचं पहिलं वाक्य. हा आवाज तिला ओळखीचा वाटेना, आणि मग एकदम वाटला. तीच इस्त्री. तेच रेशीम. आणि 'नसते'वर जरासा घसरलेला सूर, त्यात हॉलोबेकची गिरणी, चाळीची घरं, सगळं उघडं पडलेलं.

"ही माझी नक्कल आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला लाज नाही वाटत?"

"वाटली. म्हणून तर तुमचा आवाज ऐकला की ठेवून द्यायचे."

एव्हरिल खुर्चीत मागे टेकली. राँग नंबर!

"मला तुम्हाला वाक्य द्यायचं नव्हतं," डिलिस म्हणाली. "तुमच्याकडून घ्यायचं होतं. या हाउसकीपरने, गिरणी-कामगाराच्या पोरीने, मोठ्या घरचा आवाज अंगावर चढवलाय. तिला वाटतं कुणाला कळत नाही. तो शेवटचा सूर घसरतो ना, तो घालवू नका. तिथेच तर ती आहे."

एव्हरिलला फोन आपटावासा वाटला. आयुष्यभर लपवलेली गोष्ट ही बाई किती हळू हाताने उचलून दाखवत होती. आणि त्याहून वाईट, किती बरोबर! सगळ्या मुलखांचे आवाज ओळखणाऱ्या कानाला आपलाच आवाज कळला नव्हता, आणि तो कळला कुणाला, तर हिला.

पण दोन वाजले होते, आणि नियम म्हणजे नियम. ती वाक्य म्हणाली. एकदा. दुसऱ्यांदा जरा सैल. तिसऱ्यांदा असं, की आत नॉर्मनने रेडिओ बंद केला.

पलीकडे डिलिसने श्वास घेतला. एव्हरिलने तिला बोलू दिलं नाही.

"ठेवा आता," ती म्हणाली, आणि आधी स्वतः ठेवला.

नोव्हेंबरात त्या पहिल्या वाक्याला सभागृह कोसळलं. अख्ख्या खोऱ्याने तो आवाज बावीस वर्षं कानाला लावून ऐकलेला. टाळ्या थांबेनात. एव्हरिल ताठ उभी राहिली, हाउसकीपरच्या किल्ल्या हातात, आणि टाळ्या संपायची वाट बघताना तिची नजर विंगेत गेली. तिथे अंधारात डिलिस उभी होती. तिचे ओठ एव्हरिलच्या पुढच्या वाक्यावर आधीच हलत होते.

घरी जाताना नॉर्मनने तिच्या कोटाची कॉलर नीट केली. "काय गं, जिंकलीस की!"

"तिने ओठ हलवले," एव्हरिल म्हणाली. "सबंध दुसरा अंक. माझा." थोडं चालून झाल्यावर दात आवळून म्हणाली, "आणि एक शब्द चुकला नाही, भवानीचा."