जावयाचा पाट
सासरवाडीला जावयानं काही करायचं नसतं, हे जाफराबादकडच्या त्या गावात मला लग्नापासून ऐकवलं गेलं. पाण्याचा तांब्या उचलला तरी सासूबाई धावत यायच्या. सासरे एवढंच म्हणायचे, "बसा, जावईबापू." माझे हात मात्र शिवशिवायचे. पडवीच्या भिंतीवर त्यांची हत्यारं टांगलेली असत. हातोडी, पटाशी, हातभर लांबीची पहार, खिळे उपसायचा जंबूर. सासरे जुन्या फळ्या उचकटत, खिळे काढत, त्यातून नवं काहीतरी जोडत, आणि मी लांब खुर्चीवर देवासारखा बसलेला. नैवेद्य भरपूर, पण घरातला म्हणून धरत कुणी नव्हतं. जालन्याहून एसटीचे धक्के खात यायचं ते काय नुसता पाहुणचार झोडायला? मला त्या माणसाच्या शेजारी बसून काम करायचं होतं.

धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. सासऱ्यांनी मोडक्या बैलगाडीच्या फळ्यांचा खास पाट केला होता. नवी पँट घालून मी त्यावर ऐटीत बसलो. सासूबाई निरांजन घेऊन आल्या, मी जरा पुढं सरकलो, तर मागून टर्रकन आवाज आला. पाटातल्या खिळ्यानं पँट धरली होती, तीही नको तिथं.

"उठू नका!" सासूबाई ओरडल्या. ओवाळल्याशिवाय पाट सोडायचा नसतो म्हणे. मी तरी कुठं उठणार होतो! समोर सगळ्या मावश्या-काकू, आणि बायको पदरात तोंड लपवून हसतेय.

सासरे जंबूर घेऊन माझ्या मागं गुडघ्यावर बसले. खिळ्याच्या डोक्याची एकच कड वर आलेली, बाकी सगळं लाकडात रुतलेलं. जंबुराच्या तोंडात येईना. फळीखाली पहार घालून ती उचकटली असती तर खिळा ढिला झाला असता, पण त्याला आणखी दोन हात हवे होते. मेव्हणा शेतात. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पहार माझ्या हातात दिली.

"अहो, जावयाला कामाला लावू राह्यले?" सासूबाई म्हणाल्या.

"मंग काय पँट आणखी फाडू? दाबा, जावईबापू, जल्दी. असं न्हाई वो! बराबर खाली दाबा. हापिसात जेवता का न्हाई?"

लग्नानंतर ते पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! अर्धवट उकिडवा होऊन मी जीव खाऊन पहार दाबली. फळी करकरली, जंबुराचा एक झटका बसला आणि मी पँटीसकट सुटलो.

सासूबाईंनी पुन्हा निरांजनाचं ताट उचललं. सासऱ्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि पाटावरून अंगठा फिरवला. आणखी दोन खिळे लागले.

"ओवाळणं थांबू द्या जरा," ते सासूबाईंना म्हणाले. "हे दोन जावईबापू काढतील."

आणि जंबूर माझ्या हातात ठेवून त्यांनी स्वतः पहार धरली.