दसऱ्यापर्यंतची गाडी

मंद्रूपला मी गेले होते तूरडाळ आणायला आणि घेऊन आले मोटार. डाळ तिथंच राहिली. आजही आमच्या घरात कुणी काही विसरलं की नवरा म्हणतो, "चालायचंच, काही लोक डाळ आणायला जातात." म्हणू दे की. मला जराही लाज वाटत नाही.

त्याचं असं झालं. डाळ विकणारे आजोबा ओळखीचे, दरवर्षी त्यांच्याच घरून घेतो. पोतं काढायला ते शेडात गेले आणि त्यांच्या मागोमाग मी. कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्या, पेंढ्यांमागं ताडपत्री, ताडपत्रीवर खुडूक कोंबडी, आणि ताडपत्रीच्या फाटक्या कडेतून एक गोल दिवा माझ्याकडं बघत होता. मी कोंबडीची माफी मागून कड वर उचलली. "अगंबाई!" एवढंच तोंडातून निघालं. लांबच लांब नाक, बुटकी काच, दोनच सीटा, डोक्यावर टप नाही. चाकांना सायकलीसारख्या तारा. रंग धुळीखाली कुठंतरी लाल असावा.

"गाडी हाय की," आजोबा म्हणाले. "विलायती. थोरल्या भावानं हौसेनं आणली हुती. शर्यतीची म्हणायचा. त्यो गेला, तवापास्नं हितंच हाय. चालत न्हाय, तेवढंच."

तेवढंच! इंजिन गंजून घट्ट बसलेलं, वायरी उंदरांनी खाल्लेल्या, सीटांमध्ये कोंबड्यांचा संसार, आणि म्हणे तेवढंच. मला हसू आवरेना. माझं बघून आजोबांनाही आवरेना. हसता हसताच व्यवहार ठरला. पुढं कागदपत्रांपायी काय काय झालं ते मी सांगत नाही, सांगायला लागले तर पुन्हा रक्तदाब वाढेल. उसाच्या ट्रॉलीत चढवून, दोरांनी बांधून आम्ही तिला सोलापूरला आणली. आमच्या गल्लीत ट्रॉली शिरली तेव्हा झाडून सगळी माणसं दारात आली होती आणि मी ट्रॉलीत गाडीशेजारी वरमाईच्या तोऱ्यात उभी होते.

नवरा कॉलेजात गणिताचा मास्तर. त्यानं गाडीभोवती शांतपणे एक फेरी मारली.

"टप कुठाय?"

"नसतोच हिला."

"सोलापुरात? बिनटपाची गाडी? एप्रिलात डोक्यावर पापड भाजतील."

"संध्याकाळी फिरू की."

"दुरुस्त कोण करणार?"

"मी."

ह्यावर तो हसला, तिथंच माझं डोकं फिरलं. माझा शाळेच्या गणवेशांचा धंदा आहे. मागच्या शेडात शिलाईच्या मशिनी आहेत, आणि त्यातली एकही मशीन आजवर बाहेरच्या माणसानं उघडलेली नाही. मिक्सर, पंखा, शेजारणीची घरगुती पिठाची गिरणी, सगळं मीच खोलते. बिघडलेली वस्तू समोर आली आणि ती मी उघडली नाही तर मला जेवण गोड लागत नाही. मोटार म्हणजे तरी काय, जरा मोठी मशीन.

"ठीक आहे," नवरा म्हणाला. "दसरा झाला की तुझे कापडाचे तागे येणार, शेड रिकामं लागणार. दसऱ्याच्या दिवसापर्यंत ही स्वतःच्या ताकदीनं शेडाबाहेर आली तर तुझी. नाहीतर भंगारवाल्याची. कबूल?"

मुद्दा बरोबर होता. ह्या माणसाचं हेच वाईट, तो आधी मुद्दा बरोबर मांडतो, मग आपण काय डोंबल भांडणार! कबूल, म्हटलं.

सासूबाई तेवढ्यात बाहेर आल्या. त्या अक्कलकोटकडच्या. एरवी मराठी बोलतात, राग आला किंवा आनंद झाला की कानडी. त्यांनी पत्र्यावर टिचकी मारली, कलिंगड पिकलंय का बघतात तशी. "पत्रा जाड हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या. कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्या की आमचा हंगाम संपतो, त्यामुळं पावसाळाभर मी मोकळी होते. मोबाईलवर एक गोरा म्हातारा अशाच गाड्या दुरुस्त करून दाखवायचा. त्याचे कपडे स्वच्छ, कपाट स्वच्छ, प्रत्येक पान्याला वेगळा खण. माझ्याकडं बिस्किटांचा एक डबा आणि अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट. पण तो जे सांगायचा ते मला कळायचं, इंग्रजी अर्धं कळलं तरी. मशीन मशीनला ओळखते.

वायरी बदलताना कुठली कुठं लावायची ह्याचा घोळ होऊ नये म्हणून मी प्रत्येक टोकाला दोऱ्याच्या गाठी बांधल्या. दिव्याला पिवळा, हॉर्नला निळा, स्टार्टरला लाल. रिळं घरचीच. इंजिनाच्या झाकणाखालची जाड कागदाची पट्टी कुठं मिळेना, तर तिचा खाकी कागदावर आकार काढला आणि कापायच्या कात्रीनं शर्टाच्या कॉलरसारखी बेतून काढली. सीटांना दप्तराचं रेक्झिन घातलं, दुहेरी शिलाई मारून. कोंबडी पुन्हा आली असती तरी तिला ओळख पटली नसती.

पार्टच्या दुकानात मात्र दर खेपेला तेच. "मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." पहिल्यांदा मी गोड हसले. नंतर म्हणाले, "साहेबांना पाना आणि सांडशी ह्यातला फरक कळत नाही, तुम्ही मलाच समजवा, आणि मुकाट्यानं ब्रेकचं रबर दाखवा." त्यानंतर तिथं मला चहा मिळायला लागला.

सगळ्यात जास्त छळलं इंजिनानं. ते जाम होतं. प्लगच्या भोकांतून आत डिझेल ओतलं आणि मुरत ठेवलं, लोणच्यासारखं. रोज गाडी गिअरमध्ये टाकायची आणि पुढं-मागं हिसके द्यायचे. काही नाही. पुन्हा डिझेल, पुन्हा हिसके. एके दिवशी मी रागारागानं ढकलत होते आणि गाडी अचानक हलकी वाटली. मागं वळून बघते तर नवरा! कॉलेजचे कपडे, तोंड लाल, दोन्ही हात गाडीला.

"तुम्ही काय करायलाय?"

"काही नाही. बळाचा प्रश्न बघतोय."

तेवढ्यात आत कुठंतरी कट्ट वाजलं, मागची चाकं हलली आणि त्यांच्याबरोबर इंजिन फिरलं. सुटलं! मी शेडात अक्षरशः नाचले. नवऱ्याचे हात धरून नाचले. सासूबाई धावत आल्या, "अय्यो देवरे, काय झालं?" म्हणाल्या, आणि कळल्यावर आत जाऊन साखर घेऊन आल्या. पहिली चिमूट गाडीच्या नाकावर ठेवली, मग आमच्या हातावर. नवरा शर्ट झटकत म्हणाला, "तरी मुदत दसऱ्याचीच बरं का." अस्सा राग आला म्हणता!

खंडेनवमीच्या सकाळी एवढंच काम उरलं होतं: दोन कार्बोरेटर बसवायचे. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवणारी ही जोडी मी खोलून, धुऊन, चकचकीत करून टेबलावर ठेवली होती. म्हटलं, आधी मंडईतून झेंडू आणू, मग निवांत बसवू. उद्या दसऱ्याला हार घालून बाहेर काढू. मंडईतून मी गाणं गुणगुणत आले.

आले आणि शेडाच्या दारातच थबकले. पाटावर लाल खण, खणावर माझे सगळे पाने उतरत्या मापानं मांडलेले. हातोडी, कात्र्या, पक्कड. जॅकला विभूतीचे तीन पट्टे. आणि मधोमध, देवाच्या जागी, माझे दोन कार्बोरेटर. हळद, कुंकू, अक्षता, अंगणातल्या झेंडूच्या पाकळ्या, समोर निरांजन. सासूबाई हात जोडून बसलेल्या.

"आई! ते गाडीचे आहेत! आज बसवायचेत!"

"आज? आज हत्याराला हात लावतात व्हय? आज त्यांचा इसावा. उद्या उत्तरपूजा झाली की घे."

"अहो, पण ते हत्यार नाहीये!"

"मग टेबलावर हत्यारांत कशाला ठेवलीस? आणि तू त्याला इतकी घासत हुतीस, मला वाटलं ह्यातलं मोठं देवस्थान हेच."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो दाराला टेकून उभा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता. "पूजेत मी पडत नाही," म्हणाला. दिवसभर मी हात चोळत बसले. घरात एक पाना उचलायची सोय नव्हती, अगदी मशीनमध्ये सुई घालायची बंदी. मी एवढी चिडले होते की शेंगापोळ्यांचं सारण मीच कुटलं, आणि इतकं बारीक पुन्हा कधी झालं नाही.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली आणि पाटावर पहिला हात पडला तो माझा. दुपारपर्यंत कार्बोरेटर जागेवर. गाडी पुसली, हार घातला. आणि गेटाशी हॉर्न वाजला. भंगारवाला! त्यानंही आपला टेम्पो धुऊन, झेंडूच्या माळा घालून आणला होता. "साहेबांनी सांगितलं हुतं, दसऱ्याला या. म्हटलं पहिला धंदा ह्याच घरात." नवऱ्याचा चेहरा पडला. बोलून बसला होता आणि विसरला होता, असं तो आजही शपथेवर सांगतो.

मी सरळ सीटवर बसले आणि स्टार्टर दाबला. इंजिन खाकरलं, एक फाटकन आवाज झाला, आणि बंद. पुन्हा दाबला. पुन्हा खाकरलं, पुन्हा बंद. मग नुसतंच घरघर. एवढा पावसाळा राबले, आणि आता ही टेम्पोत चढणार, माझ्या डोळ्यांसमोर, हार घातलेली.

"ताई, चढवू का?" भंगारवाला म्हणाला.

"थांब रे!" हे मी नाही, सासूबाई. "सणाच्या दिवशी उपाशी काम करतूस व्हय? बस हितं." त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि पुढ्यात शेंगापोळी वाढली, तुपाची धार धरून. तो एक संपवायचा की दुसरी पानात. "पुरे की आजी!" "पुरे कसं? आमच्याकडं असं उठत न्हाईत." मला डोळ्यानं खुणावलं, कर लवकर.

ठिणगी बघितली, पडत होती. पेट्रोलची नळी काढली, धार येत होती. म्हणजे घोळ मधेच. एका कार्बोरेटरचं झाकण उघडलं आणि बघतच राहिले. पेट्रोल आत यायच्या बारीक भोकात, अगदी मापानं शिवल्यासारखा, एक तांदूळ बसलेला. पिवळा. अक्षतेचा. दुसऱ्यात झेंडूची पाकळी.

सासूबाई वाकून बघत होत्या. त्यांचा चेहरा कावराबावरा झाला. "माझ्या हातानं झालं व्हय गं हे?" त्या पुटपुटल्या. मला हसू फुटलं ते थांबेचना. मी हसतच मशीनची सुई घेतली, तांदूळ टोकरून काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "प्रसाद," म्हटलं. त्यांनी तो खरंच पदराला बांधला.

स्टार्टर दाबला. आणि अहाहा! काय ती गुरगुर! शेडाचे पत्रे थरथरले, निळा धूर उडाला, गल्लीतली कुत्री पळाली. भंगारवाला तोंडातल्या घासासकट टाळ्या पिटायला लागला. गाडी स्वतःच्या ताकदीनं शेडाबाहेर आली, अंगणात आली, गेटाशी आली. मी मोठमोठ्यानं हसत होते आणि रडतही होते. नवरा ओरडला, "थांब, मी आलोच! कपडे बदलतो!" आणि आत पळाला.

तो आत आहे तोवर गाडीचं माझ्या शेजारचं दार उघडलं. सासूबाई. इरकली लुगडं सावरत त्या खाली, आणखी खाली, पार रस्त्याच्या बरोबरीला बसल्या आणि दार ओढून घेतलं.

"काय बघायलीस? चल की."

मी निघाले. विजापूर रस्त्याला आपट्याच्या पानांचे ढीग, झेंडूचे ढीग, आणि सगळे हातचं टाकून आमच्याकडं बघत होते. मोबाईल वर झाले. पोरी ओरडल्या, "आजी, भारी!" सासूबाईंच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडाला. त्यांनी तो ओढला, पुन्हा उडाला, मग त्यांनी सोडून दिला. पांढरे केस मोकळे उडत होते. मला वाटलं भ्यायल्यात, म्हणून वेग कमी केला.

"हळू कशाला?" त्या म्हणाल्या. मग समोरच बघत, "लग्न होऊन आले ती जीपमधी मागं. आधी मामंजी पुढं बसायचे, मग तुझे सासरे, मग पोरगा. मी मागं, मांडीवर डबा. आख्खा जन्म माणसांच्या माना बघत फिरले गं. रस्ता असा समोरनं अंगावर येतो, हे मला ठाऊकच न्हवतं."

मी हॉर्न वाजवला, उगीच, मोठ्यानं. त्या खळखळून हसल्या, आणि मग मीही.

मोठा फेरा मारून आम्ही परत गल्लीत शिरलो. गेटाशी नवरा उभा होता. दसऱ्याचा नवा शर्ट, विंचरलेले केस, हातात आपट्याची पानं आणि काखेत स्कूटरचं हेल्मेट. आम्हाला बघून तो एक पाऊल पुढं आला. मी ब्रेककडं पाय नेला.

गिअरवरच्या माझ्या हातावर सासूबाईंनी हात ठेवला. त्यांनी मुलाकडं बघितलंही नाही. डोळे समोर, रस्त्यावर.

"नडी," त्या म्हणाल्या. चल.

मी पाय उचलला, आणि गाडी त्याच्यासमोरून पुढं काढली.