चवीच्या प्रयोगातलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, मुखेडच्या ज्या शाळेत अर्धं आयुष्य शिकवलं तिथल्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही. कुणी जरा जास्त वेळ माझ्याकडे बघितलं की वाटतं, ह्याला कळलंय.

आधी प्रयोगाचं सांगते. ते सोपं आहे.

मी नववीत होते, अहमदपूरला. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शाळेच्या पाटीवर उस्मानाबादवर रंग मारून लातूर लिहिलं होतं, तरी उन्हात खालची अक्षरं दिसायची. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. शाळेचा नळ कोरडा. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, टँकर यायचा आणि घागरींचा नंबर लागायचा. सकाळी लावलेली घागर दुपारी भरायची.

अशा वर्षी आमच्या विज्ञानाच्या सरांनी वर्गात कोल्ड्रिंक आणलं. सर नवे होते, तरुण होते. नव्या जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन लातूरला भरणार होतं, आणि सरांना बघायचं होतं — माणूस चव जिभेनं ठरवतो की नावानं? दोन पेयं एसटी स्टँडवरच्या हॉटेलातली, नावाजलेल्या बाटल्यांतली, एक काळं आणि एक नारिंगी. दोन गावातल्याच सोड्याच्या कारखान्यातली, तशीच काळी आणि नारिंगी. पेल्यांवर नंबर. पोरांच्या डोळ्यांवर रुमाल. एक घोट प्यायचा, मग साध्या पाण्यानं चूळ भरायची, मग पुढचा पेला. शेवटी आवडता नंबर सांगायचा.

फक्त चूळ थुंकायची नाही, असं सरांनी बजावलं होतं. दुष्काळ आहे, पाणी वाया घालवू नका, गिळून टाका.

ते वाक्य लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकले नाही.

वर्गात सगळ्यांनाच संशय. सर फुकट का पाजतायत? काळ्या बाटलीत दारू असते म्हणे. माझ्या मागची एकजण कुजबुजली, "काय मिसळून राहिले गं ह्यात?" काही पोरं पेल्याला ओठ न लावता वरून प्यायला लागली, कारण तोच पेला आधी कुणाच्या तोंडाला लागला होता ते त्यांना माहीत होतं. आणि दोन-तीन मुलींनी आदल्या दिवशीच सरांना विचारलं होतं, "पाणी कोण आणणार हाय?"

पाणी आम्ही दोघी आणणार होतो. मी आणि संघमित्रा.

संघमित्रा वर्गात पहिली. बौद्ध वस्तीतली. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे. अक्षर छापल्यासारखं. मी दुसरी, आमची वीस एकर कोरडवाहू जमीन, वडील गावात मान असलेले. प्रदर्शनात आम्ही दोघींनी बोलायचं, असं सरांनी ठरवलं होतं. मला ती आवडायची का? आवडायची असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे माझं सतत तिच्या वहीकडे लक्ष असायचं.

तर — दोघींनी एकेक घागर मोंढ्यातून आणायची, शाळेच्या रांजणात ओतायची. ती सकाळीच जाऊन नंबराला उभी राहिली. मी उशिरा गेले. रांग बघितली, ऊन बघितलं, आणि परत फिरले.

शाळेच्या मागे एक आड होता. त्याचं पाणी कुणी पीत नव्हतं. तळाला हिरवट पाणी उरलं होतं, झाडांना घालायला दोर-बादली तिथंच पडलेली. मी दोन बादल्या शेंदल्या. रुमालाने गाळून घागर भरली. वास आला. मी परत गाळलं. मग ते पाणी रांजणात ओतलं, तिच्या पाण्यात.

मी स्वतः त्या दिवशी चूळ भरली नाही. सर्दी झाल्याचं सांगितलं.

कळतंय ना तुम्हाला? मला माहीत होतं.

प्रयोग मात्र झकास झाला. डोळे बांधले की बहुतेकांना गावचंच नारिंगी आवडलं. नाव सांगून पाजलं तर तीच पोरं स्टँडवरच्या बाटलीला चांगलं म्हणायला लागली. सर खुशीत फळ्यावर आकडे मांडत होते. संघमित्राने तक्ता लिहिला.

दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग आला नाही. उलट्या, जुलाब. मुमताज नावाच्या मुलीला सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. पालक शाळेत आले. आधी सगळ्यांचा रोख कोल्ड्रिंकवर, मग सरांवर. "लेकरांस्नी काय पाजलंत?" म्हणून एकाने सरांची कॉलर धरली. तेवढ्यात शाळेच्या शिपायाने सांगितलं, काल दुपारी आडावर शाळेच्या ड्रेसातली एक मुलगी पाठमोरी दिसली होती. कोण ते त्याला कळलं नव्हतं.

हेडमास्तरांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. सर भिंतीला टेकून उभे होते, तोंड उतरलेलं.

"आडावर कोण गेलं होतं?"

संघमित्रा म्हणाली, "मी न्हाई गेले, सर. मी मोंढ्यात होते." आणि तिने माझ्याकडे बघितलं. आरोप नव्हता त्या बघण्यात. तिला वाटत होतं की मी आता बोलेन.

मी बोलले. म्हणाले, "हीच गेली होती. मी बघितलं."

ह्यावर माझं स्वतःशी पुष्कळ बोलून झालंय. लहान होतीस, घाबरली होतीस, वडिलांनी सोलून काढलं असतं. पण मी गप्प राहू शकले असते. माहीत नाही म्हणू शकले असते. शिपायाला दुरून काय दिसलं, असंही म्हणता आलं असतं. मी तिचं नाव घेतलं, कारण ते खपणार हे मला ठाऊक होतं. माझं नाव तिने घेतलं असतं तर दहा प्रश्न विचारले गेले असते. तिचं नाव मी घेतल्यावर एकही विचारला गेला नाही. हे गणित चौदाव्या वर्षी मला येत होतं. कुणी शिकवलं नव्हतं; घरात राहूनच आलं होतं.

बाहेर लगेच पसरलं, तिने मुद्दाम केलं. आपल्या हातचं पाणी पीत नाहीत म्हणून डाव साधला. हे मी म्हणाले नव्हते. पण खोडूनही काढलं नाही.

तिची आई खडीच्या कामावरून तशीच आली, धुळीने पांढरी. व्हरांड्यात उभी राहून म्हणाली, "माझी लेक सकाळपून नंबराला हुबी हुती. तिथल्या बायांस्नी जाऊन इचारा की."

मोंढा शाळेपासून किती लांब? हाकेच्या अंतरावर. कुणीही विचारायला गेलं नाही. सरही नाही. सरांना खरं कळलं होतं का? प्रयोगाच्या दिवशी माझ्या ओल्या रुमालाकडे त्यांनी एकदा बघितलं होतं, असं मला वाटतं. त्यांचीही नोकरी नवी होती. की मला तसं वाटून घ्यायला बरं वाटतं?

प्रदर्शनात मी एकटीच बोलले. तक्ता तिच्याच अक्षरातला होता, खाली नाव माझं. बक्षीस मिळालं. वडिलांनी सर्टिफिकेट काच लावून बैठकीत टांगलं. संघमित्राला रांजणाजवळ जायची बंदी झाली. ती वर्ष संपेपर्यंत घरून बाटली आणायची आणि तिच्या बाकावर दुसरं कुणी बसत नव्हतं. दहावीला ती नांदेडला मामाकडे गेली.

मी शिक्षिका झाले. वर्गात चोरी झाली, काच फुटली, की पोरं एकाच कुणाकडे बोट दाखवतात. मी ते बोट कधीच मानलं नाही. लोक म्हणत, बाई फार न्यायी आहेत. मी ऐकून घेत आले.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना देगलूरला शाळांच्या आरोग्य तपासणीचं प्रशिक्षण होतं. आरोग्य खात्याच्या मॅडम दारात स्वतः हजेरी घेत होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा. कागदावर त्यांनी माझं नाव लिहिलं आणि ते छापल्यासारखं अक्षर मी ओळखलं.

तिनेही वर बघितलं. "अहमदपूरची शोभा ना?"

"हो."

माझ्यामागे कुणी नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं. आवाज अगदी साधा होता, चौकशी करावी तसा. "त्या दिवशी आडावर तू होतीस ना?"

इतक्या वर्षांत तिने एवढंच विचारलं. हो म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणाले, "मला नाही गं आठवत."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने कागद माझ्याकडे सरकवला, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, आणि मी सही केली.