रंभाताईंची तारीख

रंभाताई आमच्या गावच्या नाटकाच्या निर्मात्या. नऊ नोकरदार नटांची एकच मोकळी संध्याकाळ जुळवणं, हे त्यांचं सर्वांत अवघड काम. यंदा त्यासाठी त्या तीन महिने विरारपासून माणिकपूरपर्यंत फिरल्या. कुणाची कामावरची पाळी बदलून घेतली, कुणाच्या सासूबाईंना समजावलं.

प्रयोगाच्या चार दिवस आधी, आम्ही आधीच ठरवून ठेवलेल्या सभागृहाच्या कारकुनाने सांगितलं, "त्या दिवशी साहेबांचा सत्कार आहे. दुसरी तारीख घ्या. नाटक काय पळून जातंय?"

"नाटक नाय पळत, नट पळतात," रंभाताई म्हणाल्या. "सत्कार तर तुमच्या साहेबांचा दर महिन्याला होतो. माझी नऊ मानसं पुन्हा एका दिवशी कोन आनून देनार? तुम्ही?"

तो नुसता हसला. मी सोबतच होतो. शिक्षकीच्या इतक्या वर्षांत वर्गात कुणावर हात उगारला नाही, पण त्या हसण्यावर हात शिवशिवले.

रंभाताईंनी कापणी झालेल्या आपल्या शेतातली धसकटं काढून घेतली, मांडव घातला आणि ठरल्या तारखेलाच पडदा उघडला. नऊही नट हजर होते.

"शेतातच मजा आली," असं आता लोक म्हणतात. मजा आली, हे खरंच. पण सभागृहातली हक्काची तारीख हिसकावून घेतली, तेही खरं, आणि ते कुणी बोलत नाही.