लोरेटाच्या नळीतला पिवळा रंग

लोरेटा क्विम्बी म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. न्यू हॅम्पशायरच्या बर्फात गाडी बंद पडली तरी कुणाला हाक मारणार नाही, तशीच पाय ओढत प्रयोगशाळेत येईल. तिथे ती यीस्टच्या पेशींतल्या इवल्या पिशव्या काढून नळीत एकत्र ठेवायची. दोन पिशव्यांचे पडदे जुळून एक झाले, की आतला माल मिसळायचा आणि पाणी पिवळं व्हायचं. पडद्यांना एकमेकांकडे खेचणारी प्रथिनं निराळी, त्यांच्यावर नजर ठेवणारं राखणदार प्रथिन निराळं. लोरेटाने खेचणारी प्रथिनं भरपूर ओतली, राखणदाराला सुट्टी दिली, तरी पाणी पिवळं! राखणदार लागतोच कशाला, असं तिने ठासून सांगितलं. याच शोधावर तिची कायमची नोकरी ठरणार होती. त्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेचा प्रमुख वॉल्टर तो नोकरी ठरवणाऱ्या समितीपुढे मांडणार होता.

त्याच जागेवर डोळा असलेला तिचा सहकारी ओडेल सकाळी डोनट चघळत म्हणाला, "काय गं, पिशव्या जुळल्या की फुटल्या? फुटल्या तरी माल बाहेर मिसळणारच की!"

"जळतोस मेल्या! गिळ तो डोनट," ती खेकसली. पण तिने नळी पुन्हा उचलून पाहिली. पिवळं दिसलं की जुळलं म्हणायचं, ही इथली सगळ्यांचीच खोड.

एक औषध होतं. धड पिशवीत ते शिरत नाही, बाहेर सांडलेल्या मालाला मात्र निकामी करतं. कुणी तिला घाल म्हटलं नव्हतं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. शिव्या घालतच तिने दोन नव्या नळ्या लावल्या आणि ते दोन्हींत सोडलं, एकीत राखणदार, दुसरीत नाही.

राखणदाराची नळी हळूहळू पिवळी झाली. दुसरी काही केल्या रंगेना.

"बोंबला!" लोरेटा धावत सुटली. वॉल्टर टाय बांधत होता.

"थांब वॉल्टर. राखणदार नसला की पिशव्या जुळत नाहीत, फाटतात. चुकलं माझं."

"समिती येऊन बसलीय! काय घालवतेयस कळतंय ना?"

"कळतंय रे," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

जागा ओडेलला मिळाली. लोरेटाला भयंकर राग आला, तो तिने लपवलाही नाही. अजूनही ती त्याच्या शेजारच्याच टेबलावर काम करते. परवा पिवळी नळी नाचवत तो ओरडला, "जुळलं!"

तिने औषधाची बाटली त्याच्यापुढे सरकवली.